बिनविरोध

मोहनखेड्यास जाण्याचे आमच्या मनात कित्येक वर्षे होते. धारहून पश्चिमेस अमदाबादच्या रस्त्याला लागले, की सरदारपूर तहसिलीत राजगढच्या अगदी शेजारी हे जैन तीर्थ लागते. आचार्य राजेंद्रसूरी ह्यांच्या प्रेरणेने ते उभे राहिले. १९०६ साली राजगढ येथे आचार्यांचा देहान्त झाला, आणि त्यांची समाधी मोहनखेड्यास आहे. सात खंडांचा 'अभिधान राजेंद्र कोश' सिद्ध करणारे विद्वान ते हेच. पौष शुद्ध सप्तमीस तेथे भक्तांची एवढी दाटी होते, की आमच्यासारख्या सांधे धरलेल्या माणसांनी त्या दिवशी न जाणेच बरे. म्हणून शेजारच्या जैन कुटुंबाने दिलेला सल्ला मानून आम्ही आषाढाच्या आरंभी निघालो. देवासहून पहाटे निघावे, इंदूरला पोहे-जिलबी घ्यावी, धारला थोडे थांबावे आणि उन्हे चढण्यापूर्वी तीर्थावर पोचावे, असा सौ.नी आखलेला बेत होता. तो बव्हंशी तडीसही गेला. दर्शन झाले, भोजनशाळेतला सात्त्विक प्रसाद झाला, आणि दुपारी परतीच्या वाटेवर, मुख्य रस्ता सोडून महीचे पात्र पाहावे ह्या आमच्या हट्टापायी, एका आडगावापाशी गाडीचे चाक बसले. (मही नदी ह्याच तहसिलीत उगम पावते, हे आम्ही गाडीत तीनदा सांगितले होते. चौथ्यांदा सांगण्याची सोय राहिली नाही.)

पाऊस सुरू झाला होता. चालक चाक बदलू लागला आणि आम्ही रस्त्यालगतच्या प्राथमिक शाळेच्या ओसरीत आश्रय घेतला. आत वर्ग चालू असेल असे वाटले होते, परंतु दाटीवाटीने बसलेली होती ती मुले नव्हती, आईबाप होते. शाला प्रबंधन समिती नव्याने निवडावयाची होती, आणि त्यासाठी पालकांची सभा बोलाविली होती. प्रधानाध्यापकांनी आम्हांस अगत्याने एका बाकावर बसविले, आणि पुढला पाऊण तास आम्ही जे पाहिले, ते ह्या महिन्याच्या लेखाचे निमित्त आहे.

प्रधानाध्यापक सज्जन होते. परंतु सज्जन माणसालाही काम लवकर उरकावेसे वाटते. त्यांनी नावांची यादी घरूनच तयार करून आणली होती. ती त्यांनी वाचून दाखविली आणि कुणाची हरकत नसल्यास हात वर करावेत, असे सांगितले. हात वर होऊ लागलेही. इतक्यात मागच्या भिंतीशी बसलेली एक मध्यमवयीन स्त्री उठली. त्या भागातली वस्ती बहुतांशी भिल्ल-भिलाल्यांची, आणि गाव एका ठिकाणी नसून फलियांमध्ये विखुरलेले. एक फलिया टेकाडावर, एक नाल्यापलीकडे, असा प्रकार. ती बाई तिच्या बोलीत बोलली. आम्हांस अर्धे कळले आणि उरलेले शेजारी बसलेल्या एका तरुणाने हिंदीत सांगितले. तिचे म्हणणे असे, की यादीतली सगळी माणसे शाळेजवळच्या फलियातली आहेत. बायांची नावे आहेत खरी, पण त्या ह्याच पुरुषांच्या घरच्या आहेत. आमची लेकरे नाला ओलांडून येतात, पाणी चढले की चार-चार दिवस येत नाहीत, मग हजेरीत त्यांच्यापुढे फुल्या पडतात, आणि माध्यान्हीचे अन्नही त्यांना मिळत नाही. हे समितीत सांगणार कोण? आणि आणखी एक. पहिलीतल्या लेकरांना गुरुजींची हिंदी कळत नाही. आमची बोली येणारे एखादे माणूस शाळेत हवे, हे कुणी लिहून पाठवायचे?

सभेत कुजबूज झाली. एक-दोघे तिच्यावर खेकसले. प्रधानाध्यापकांनी चष्मा पुसला, यादी खाली ठेविली, आणि पुन्हा हात मोजले. आम्हीही मोजले. तिच्या बाजूने चौदा, विरुद्ध नऊ. एक नाव खोडले गेले आणि तिचे लिहिले गेले. तिने अंगठा उठविला, शाई पदराला पुसली, आणि पुन्हा भिंतीशी जाऊन बसली. झाले ते एवढेच. चाक बदलून झाले होते. आम्ही उठलो.

परतीच्या प्रवासात सौ. काही बोलत नव्हत्या. धार मागे पडल्यावर म्हणाल्या, "तुम्हांला ते आपल्या शाळेचं आठवलं ना?" आठवले होते. परंतु ते सांगण्यापूर्वी ह्या समितीविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण आपल्यापैकी पुष्कळ सुशिक्षित घरांना ती ठाऊक नसते, आणि ज्यांची मुले सरकारी शाळेत नाहीत त्यांना तर ती ठाऊक असण्याचे कारणही वाटत नाही.

२००९ साली संसदेने केलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यात एकविसावे कलम आहे. सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांसाठी व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि दुर्बल व वंचित घरांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे, असे ते सांगते. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा तयार करणे आणि आलेला पैसा कसा खर्च होतो ते पाहणे, ही समितीची कामे. अनुदानित शाळांत तिचे काम सल्ल्यापुरते ठेवलेले आहे. नाल्यापलीकडच्या त्या बाईला हे कलम ठाऊक असण्याचा संभव नाही. पण आपल्या फलियाचे माणूस आत नाही, एवढे तिला ठाऊक होते, आणि कलमात लिहिले आहे तेही नेमके हेच.

त्या शाळेचा जन्मही, प्रधानाध्यापकांनी सांगितल्याप्रमाणे, मागणीतून झाला होता. १ जानेवारी १९९७ पासून मध्य प्रदेशात शिक्षा गारंटी योजना सुरू झाली. आदिवासी भागात एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि पंचवीस मुले असतील (इतरत्र चाळीस), तर वस्तीने मागणी करावी, आणि नव्वद दिवसांत सरकारने शाळा द्यावी, असा तिचा करार होता. शिकविणारा गुरुजीही वस्तीनेच सुचवावयाचा. ह्या गुरुजींना पगार तुटपुंजा होता, इमारती कित्येक ठिकाणी नव्हत्या, आणि 'गरिबांना गरीब शाळा' अशी टीकाही त्या योजनेवर झाली. ती सर्वस्वी अन्यायाची नव्हती. तथापि, शाळा ही दरबारातून मिळणारी देणगी नसून मागून, मोजून, हक्काने घ्यावयाची गोष्ट आहे, हा पाठ धार-झाबुआच्या फलियांनी त्या काळात गिरविला, असे आम्हांस वाटते. आपण तो गिरविला नाही. आता स्वतःकडे वळतो.

आमच्या शहरात मराठी मंडळींनी फार पूर्वी स्थापन केलेली एक शाळा आहे. तिचे नाव आम्ही घेत नाही. नाव घेतले तर दोष तिच्या माथी बसेल, आणि तो आमच्या माथी आहे. शाळा हिंदी माध्यमाची, पण प्राथमिक वर्गांना आठवड्यातून चार तास मराठी शिकविले जाई. वेतन संस्थेच्या निधीतून, आणि शिकविणाऱ्या बाई तळमळीच्या. आमची दोन्ही मुले त्यांच्या हाताखालून गेली. संस्थेचे सभासद तीनशेंहून अधिक. दर तीन वर्षांनी वार्षिक सभेत कार्यकारिणीची निवडणूक. तिची सूचना नियमाप्रमाणे पंधरा दिवस आधी घरी येते. आमच्या घरी ती आली होती हे आम्ही शपथेवर सांगू शकतो, कारण पुढे दिवाळीच्या साफसफाईत ती सापडली. फराळाच्या डब्यांखाली, फळीवर अंथरलेली. तिच्यावर तेलाचे डाग होते.

सभेला गणपूर्ती झाली नाही. अर्धा तास थांबून ती त्याच जागी पुन्हा भरविण्यात आली, आणि अशा पुन्हा भरलेल्या सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. सात जण हजर होते. कार्यकारिणी बिनविरोध निवडली गेली. दुसऱ्या दिवशी त्याचे पेढे वाटले गेले. आम्हीही एक खाल्ला, आणि 'बरे झाले, आपल्या लोकांत भांडणे नाहीत' असे वर म्हणालो. त्याच सभेत खर्चाची तोंडमिळवणी करताना, विद्यार्थी कमी झाले ह्या कारणास्तव, मराठीचे तास बंद करण्याचा ठराव झाला. ठरावास विरोध झाला नाही. व्हावयास विरोध करणारे हजर नव्हते. आम्हांला हे तीन महिन्यांनी एका लग्नाच्या पंगतीत कळले. त्या पंगतीत मात्र गणपूर्ती उत्तम होती, आणि जिलबी वाढली जात असताना संस्थेच्या चालकांवर जी काही आग पाखडली गेली, ती ऐकून आम्हीही चार निखारे टाकले. वरातीमागून घोडे म्हणतात ते ह्यालाच!

ज्यांनी ठराव केला त्यांना खलपुरुष ठरवून मोकळे होण्याचा मोह आम्हांला झाला, हे कबूल करतो. ते सात जण निदान आले तरी होते. तीनशे घरांपैकी दोनशे त्र्याण्णव घरांनी आपला निर्णय त्यांच्या स्वाधीन केला होता. पुढे आम्ही चौकशी केली. तिसरीच्या वर्गात त्या वर्षी मराठी घेणारी मुले किती होती? अकरा. आता हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतोप्रांतीच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद झाली, आणि तिने असे ठरविले, की प्राथमिक अवस्थेत ज्या मुलांची मातृभाषा प्रांतभाषेहून वेगळी आहे, अशी एका वर्गात दहा किंवा सबंध शाळेत चाळीस मुले असतील, तर त्यांना मातृभाषेतून शिकविण्यासाठी एक तरी शिक्षक द्यावा. १९५६ साली घटनेत ३५० अ हे कलम आले, आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे राज्यांस व स्थानिक संस्थांस सांगण्यात आले. मध्य प्रदेशात आपण मराठी भाषक असे भाषिक अल्पसंख्याकच आहोत. दहाचा हा दंडक सरकारांनी करावयाच्या व्यवस्थेचा आहे, खाजगी संस्थेच्या तासांना तो बांधून घेत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु दहा मुले म्हणजे 'कमी' नव्हेत, असे देशातल्या शिक्षणमंत्र्यांनी एकदा मानले होते, आणि येथे अकरा आहेत, एवढे वाक्य त्या सभेत उठून बोलणारा एक जण असता तर? बोलण्यास मानसशास्त्र, अर्थशास्त्र काही लागत नव्हते. अकरापर्यंत मोजता येणे पुरे होते.

आपण असे का वागतो, ह्याचा विचार करता आम्हांला त्याचे मूळ थोडे इतिहासात दिसते. माळव्यातली मराठी घरे आली ती पवार, होळकर, शिंदे ह्यांच्या मागोमाग, आणि बहुतेक राज्यकारभारासाठी. धारच्या पवारांच्या राज्यात शिक्षणखात्याचे प्रमुख काशिनाथ कृष्ण लेले हे होते. विद्वान म्हणून त्यांचा लौकिक राज्याबाहेरही होता. आमच्या देवासचा तर प्रकारच न्यारा. थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन गाद्या, दोन दरबार. १९२१ साली इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून काही महिने येथे राहिला, आणि पुढे त्याने त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. दोन्ही पात्यांत शाळा निघाल्या त्या राजेसाहेबांच्या इच्छेने. पाहिजे असेल ते अर्ज करून मागावे. 'विनंती विशेष' लिहिण्यात आपले पणजोबा निष्णात होते, आणि अर्ज वाचणाराही बहुधा मराठीच असे. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत अस्तित्वात आला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश झाला, दरबार गेले आणि अर्ज वाचणारे बदलले. आपली सवय मात्र अर्जाचीच राहिली. नाल्यापलीकडच्या बाईच्या पणजोबाला अर्ज करण्याचीही सोय नव्हती. म्हणूनच कदाचित हात वर करणे तिला लवकर साधले.

शाळेच्या कारभारात मत असणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रालाही भांडूनच शिकावे लागले. ना. गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९११ साली मांडले गेले आणि पुढल्या वर्षी फेटाळले गेले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने मुंबई इलाख्यात कायदा झाला, आणि नगरपालिकांना आपल्या हद्दीत सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली. लगेच पुण्यात प्रश्न उभा राहिला. पैसा थोडा आहे, तेव्हा सक्ती मुलग्यांपुरती करावी की मुलींनाही? आधी मुलगे, मुलींचे मागाहून पाहू, असे म्हणणाऱ्यांत लोकमान्यांसारखे थोर पुरुष होते. १९२० च्या सुमारास रमाबाई रानडे आणि त्यांच्या सहकारी भगिनी ह्यांनी ह्या 'मागाहून'ला विरोध केला. स्त्रिया मिरवणुकीने पुण्याच्या रस्त्यांवर उतरल्या. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे त्यांच्या बाजूने उभे राहिले. नगरपालिकेतले ते निर्णय घेणाऱ्यांत मुलींच्या आया नव्हत्या, आणि नव्हत्या म्हणूनच 'मागाहून' हा शब्द तेथे इतका सहज उच्चारला जाऊ शकला, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

१९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे सोपविल्या. १९४७ च्या कायद्याने जिल्हा व नगरपालिकांची शिक्षण मंडळे नव्याने बांधली गेली. ह्या मंडळांनी सर्व सोन्याचेच केले, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मास्तराची बदली हे खेड्यातल्या राजकारणाचे आवडते हत्यार ठरले. गणवेश, दप्तरे आणि वह्यांच्या खरेदीवरून जागोजागी आरोप झाले. आमच्या मध्य प्रदेशातही १९९४ च्या पंचायत निवडणुकांनंतर शिक्षाकर्मींच्या नेमणुका जनपद व जिल्हा पंचायतींकडे गेल्या, तेव्हा गुणवत्तेपेक्षा नात्यागोत्याची चर्चा अधिक झाली, हे जुन्या वाचकांस स्मरत असेल. महाराष्ट्राने अखेर २०१३ साली १९४७ चा कायदा रद्द केला, आणि नगरांतली शिक्षण मंडळे इतिहासजमा होऊ लागली. आजार होता हे खरे, पण औषध म्हणून रोगीच घराबाहेर काढला, असे आमचे मत आहे. प्रशासनाच्या अधिकाऱ्याकडे शाळा गेली म्हणजे नात्यागोते संपते, असा अनुभव कुणास आला असल्यास त्याने तो आम्हांस अवश्य कळवावा. छापू.

गुजरातेत मात्र नगर प्राथमिक शिक्षण समित्या आजही आहेत. सुरतेच्या समितीकडे गुजरातीबरोबर हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि आपल्या मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत. खानदेशातून गिरण्यांत व कारखान्यांत पोटासाठी गेलेल्या घरांची मुले तेथे मराठी वाचतात. हे कुणा महाराजांच्या कृपेने झालेले नाही. त्या वस्त्यांतून नगरसेवक निवडून येतात, नगरसेवक समितीचे सदस्य निवडतात, आणि शाळेचा विचार करताना मतांचा विचार होतो. मतांचा विचार हा काही फार उदात्त हेतू नव्हे. पण मुलाच्या हाती पुस्तक येत असेल, तर हेतूची एवढी चिकित्सा कशाला?

परदेशीही ही कथा जुनी आहे. इंग्लंडात १८७० च्या कायद्याने निवडून आलेली शाळा मंडळे स्थापन झाली, आणि पार्लमेंटसाठी स्त्रियांना मत नसतानाही ह्या मंडळांसाठी त्यांना मत देता येई व उभेही राहता येई. लंडनच्या पहिल्याच निवडणुकीत एलिझाबेथ गॅरेट ह्या डॉक्टर बाईंना सत्तेचाळीस हजारांहून अधिक मते पडली. कोणत्याही पुरुष उमेदवाराला एवढी मिळाली नाहीत. १८८८ साली त्याच मंडळावर निवडून आल्या ॲनी बेझंट, ज्यांना आपण होमरूलमुळे ओळखतो. लंडनच्या दरिद्री पूर्वभागातून त्या निवडून गेल्या, आणि उपाशी मुलाला धडा समजत नाही, हे सांगून शाळेत अन्न देण्यासाठी त्या झगडल्या. आज आपल्या शाळांतल्या माध्यान्ह भोजनाच्या भांड्यापाशी उभे राहिले, म्हणजे आम्हांला ती जुनी निवडणूक आठवते. आणि नाल्यापलीकडची बाई अन्नाविषयीच बोलली होती, तेही आठवते.

अमेरिकेत तर शाळा मंडळाची निवडणूक हा घरगुती विषय आहे. आमच्या वाचकांपैकी किती घरांतली मुले-सुना तिकडे आहेत ते आम्ही जाणतो. न्यू जर्सीत राहणारी आमची भाची सांगते, की तिच्याकडे पूर्वी एप्रिलमध्ये शाळा मंडळाची वेगळी निवडणूक होई, आणि शाळेच्या अंदाजपत्रकावरही लोक मत देत. त्या दिवशी मतदानास फारसे कुणी फिरकत नसे. २०१२ पासून पुष्कळ ठिकाणी ती नोव्हेंबरच्या निवडणुकीला जोडण्यात आली. भाचीला अद्याप तेथले नागरिकत्व नाही, म्हणून मत नाही. पण मंडळाची सभा सर्वांस खुली असते, आणि उठून दोन-तीन मिनिटे बोलता येते. मुलीच्या शाळेतला वाद्यवर्ग बंद होणार होता, तेव्हा ती बोलून आली. सांगताना तिच्या स्वरात जो अभिमान होता, तो आम्हांला थोडा बोचला. आम्हांस मत होते, सभेचे स्थळ घरापासून दहा मिनिटांवर होते, आणि आम्ही गेलो नव्हतो.

सरकारी शाळेचा मास्तर ह्या देशात सर्वांच्या निवडणुका पार पाडतो. मतदारयाद्या तो करतो, केंद्रावर रात्र तो काढतो, बोटाला शाई तो लावतो. ज्या कायद्याने त्याला अशैक्षणिक कामांतून सोडविले, त्याच कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही तीन कामे त्याच्याकडे राखून ठेविली. अशा माणसाने आपल्या शाळेच्या समितीची यादी घरून करून आणावी, ह्यातली गंमत त्या दिवशी ओसरीत बसून आम्हांस जाणवली. त्याला दोष देणे सोपे आहे. सभेला माणसे येतच नाहीत, हा त्याचा वर्षानुवर्षांचा अनुभव असणार. यादी करून आणणे ही सवय त्याला आमच्यासारख्यांनीच लावली.

मोहनखेड्याहून परतल्यावर आम्ही एक काम केले. त्या अकरा मुलांच्या घरी गेलो. दूरध्वनीवरून हे बोलणे बरे दिसले नसते. सगळी मुले आता पाचवीत आहेत. सहा घरांनी सांगितले, तास पुन्हा सुरू झाले तर मुलांना पाठवू. दोन घरांनी सांगितले, आता वेळ होणार नाही, शिकवण्या आहेत. एक कुटुंब बदली होऊन ग्वाल्हेरला गेले. एका घरात आजीने दार उघडले, आमचे म्हणणे ऐकून घेतले, आणि विचारले, "एवढे दिवस कुठे होतात?" आम्ही पाणी मागितले. अकराव्या घरच्या सुनेने मात्र वहीच काढली. तिच्या धाकट्या मुलासकट पहिली-दुसरीतली कोणकोणती मराठी मुले शाळेत आहेत, त्यांची नावे तिने लिहून ठेविली होती. तेरा. कुणी विचारावयास येईल म्हणून नव्हे. मुलाच्या वाढदिवसाला कुणाकुणाला बोलवावे, ह्याची ती यादी होती!

ती यादी घेऊन आम्ही ज्या बाई पूर्वी मराठी शिकवीत त्यांच्याकडे गेलो. बाईंनी चहा केला. तेरा नावे वाचली, त्यांतल्या तिघांच्या आईबापांना आपण शिकविले असल्याचे सांगितले, आणि विचारले, "कार्यकारिणीत हे मांडणार कोण?"

संस्थेची त्रैवार्षिक सभा येत्या पौषात आहे. सूचना ह्या खेपेस फळीवर गेलेली नाही, ती दिनदर्शिकेच्या खिळ्याला अडकविली आहे. उमेदवारीचा अर्ज आम्ही आणला आहे. वयाच्या ह्या टप्प्यावर निवडणुकीस उभे राहणे हास्यास्पद दिसेल, असे आम्ही सौ.ना म्हटले. त्यांनी कणकेचे हात धुतले, आमच्याच लेखणीने सूचक म्हणून सही केली, आणि खाली तारीख घातली. अनुमोदक अद्याप मिळावयाचा आहे. संस्थेचे सभासद असलेले वाचक आमच्या शहरात बरेच आहेत. अर्ज आमच्याकडे संध्याकाळी पाच ते सात ह्या वेळात पाहावयास मिळेल.